पहिला तुकडा घरच्याले

बाईंसोबत रस्त्यानं चालायची वेळ आली की माझ्या कपाळावर आठ्या पडायच्या. चालायचं कुठलं, थांबायचंच. दहा पावलं झाली नाहीत तोच बाई कुणाच्या तरी फाटकासमोर उभ्या. लोखंडी फाटक, त्यावर कुठल्याशा वेल्डरनं वाकवलेले दोन मोर, आणि बाई त्या मोरांकडे अशा टक लावून बघायच्या की आतलं कुत्रंसुद्धा भुंकायचं थांबायचं. ‘हा डावा मोर पाह्य,’ म्हणायच्या, ‘उजव्यापेक्षा लठ्ठ हाये. काहून?’ आता मला काय माहीत काहून! मला उशीर होत असायचा. बाईंना कधीच उशीर होत नसे. त्यांच्यामुळे बाकी सगळ्यांना व्हायचा.

नागपूरजवळच्या बुटीबोरीतल्या चादरींच्या एका कारखान्यात आम्ही डिझाइन खात्यात होतो. त्या खात्याच्या प्रमुख, मी नवीन. पाच टेबलं, पाच संगणक आणि गारवा सोडून बाकी सगळं देणारा एक एसी. जनरल मॅनेजरपासून कँटीनवाल्यापर्यंत सगळे त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणायचे. पन्नाशी उलटलेली, काटकुळ्या अंगाची, सुती साडी आणि तिच्याखाली पांढरे कॅनव्हासचे बूट. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत बटर पेपरच्या गुंडाळ्या आणि काळ्या मेणखडूचे तुकडे. एखादी जाळी, ग्रिल, गटाराचं झाकण आवडलं की त्यावर कागद धरायचा आणि खडू आडवा करून घासायचा. खालची नक्षी कागदावर वर यायची. लहानपणी वहीच्या पानाखाली नाणं ठेवून आपण करतो ना, तेच. साठीकडे झुकलेल्या बाईनं भर चौकात उकिडवं बसून हे करायचं आणि मी बाजूला उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्यांना ‘नाही नाही, काही हरवलं नाही’ असं सांगायचं. वैताग नुसता!

बसणं त्यांना ठाऊकच नव्हतं. डबा उभ्यानं खायच्या. मीटिंगमध्ये खिडकीपाशी येरझाऱ्या घालायच्या. कंपनीच्या बसमध्ये तर सीट सोडून ड्रायव्हरच्या मागे दांडी धरून उभ्या, आणि वर्धा रोडवर मध्येच ओरडायच्या, ‘थांबव गा, थांबव!’ चाळीस माणसं हजेरीला मुकणार या धास्तीनं चरफडत बसलेली आणि बाई खाली उतरून कुठल्या तरी ट्रकच्या मागच्या फळीवरची वेल बघतायत. ड्रायव्हर त्यांना काही बोलत नसे. त्याच्या मुलीच्या लग्नात रुखवताची मांडणी बाईंनी करून दिली होती म्हणे.

सकाळी संगणक सुरू करायच्या आधी त्या प्रत्येकीच्या टेबलाशी यायच्या आणि एकच प्रश्न. ‘आज काय पाह्यलं?’

‘काही नाही’ हे उत्तर चालत नसे. ‘काही नाही’ म्हणणारीला भर उन्हात गेटपर्यंत जाऊन यायला लागायचं. मेच्या उन्हात, नागपूरच्या! मी दोनदा जाऊन आले. तिसऱ्यांदा शहाणी झाले आणि बसमध्येच काहीतरी रचून ठेवायला लागले. ‘बाई, आज एका घराच्या जिन्याखाली निळी जाळी पाहिली.’ बाईंनी विचारलं, ‘भोकं गोल का चौकोनी?’ मी म्हटलं गोल. ‘कितीक मोठे?’ मी अंगठा आणि बोट जुळवून दाखवलं. ‘एवढ्या मोठ्या भोकातून उंदीर घुसन. जिन्याखाली कोण लावते अशी जाळी?’ म्हणाल्या आणि दाराकडे बोट केलं. गेले मी पुन्हा उन्हात, स्कार्फ गुंडाळून, बाईंच्या सात पिढ्यांचा उद्धार करत.

फोटो काढायला बंदी होती. ‘फोटो काढला का डोळा सुटीवर जाते,’ असं म्हणायच्या. आणि दुसरी बंदी त्याहून कडक. विचारल्याशिवाय काही घ्यायचं नाही. बाईंच्या मते डिझाइन कुठं सापडत नसतं, ते कुणाच्या तरी घरी राहत असतं. तेव्हा दार वाजवायचं, घरच्या माणसाला सांगायचं आणि तो हो म्हणाला तरच कागद काढायचा. त्रिमूर्तीनगरात एकदा दुपारी त्यांनी अशीच एका घराची कडी वाजवली. मी सोबत. दार उघडणाऱ्या काकूंनी आमच्या हातातले कागद पाहिले आणि धावत आत जाऊन रेशनकार्ड घेऊन आल्या. ‘आमचं नाव यादीत आलं का मॅडम?’ बाई म्हणाल्या, ‘तुमचं नाही आलं. तुमच्या खिडकीचं आलं.’ मग अर्धा तास समजावण्यात गेला, वर चहा, वर त्यांच्या सुनेचं गाऱ्हाणं. खिडकीचा ठसा घ्यायला पाच मिनिटं लागली.

ठशाच्या कोपऱ्यात बाई लिहून ठेवायच्या तो कुणाकडून आणला ते. ‘इतवारी, कूलर ठोकणारे काका.’ ‘लकडगंज, पोळ्याचे लाकडी बैल करणारा, हसत नाही.’ मार्केटिंगचे साहेब त्याच डिझाइनला पुढं ‘ओशन ब्रीझ’ वगैरे नाव द्यायचे, त्याला बाईंची हरकत नसे. त्यांची हरकत एकाच गोष्टीला होती. नवीन डिझाइनचा पहिला नमुना छापून आला की त्यातला पहिला तुकडा बाई स्वतः कात्रीनं कापायच्या आणि ज्याच्याकडून नक्षी आणली त्याला नेऊन द्यायच्या. ‘पहिला तुकडा घरच्याले,’ म्हणायच्या. तो पोचेपर्यंत पुढं छपाई करायची नाही. मॅनेजर कितीही उड्या मारो. कूलरवाल्या काकांनी तो तुकडा पावसाळ्यात कूलर झाकायला वापरला. कुणाला राग आला असता. बाई मात्र आठवडाभर खूश, ‘जिथलं होतं तिथं गेलं पाह्य!’

मला हे सगळं थोतांड वाटायचं, खरं सांगते. मी पुण्यातली नोकरी दोन महिन्यांत सोडून परत आलेली. का सोडली हे आईनं शेजारच्या विचारणाऱ्या प्रत्येकीला वेगळंवेगळं सांगितलं होतं. इथं सहा महिन्यांची उमेदवारी, मग बाईंची सही झाली तर कायम. पाच महिने होऊन गेले होते आणि माझं एकही डिझाइन पास झालं नव्हतं. बाई बघायच्या आणि म्हणायच्या, ‘सुंदर हाये. कोणाचं हाये?’ मी घरी येऊन आईवर चिडायची. जेवण जात नव्हतं, झोप तर नव्हतीच.

अशात एका सकाळी मी कॉटन मार्केटबाहेर बसची वाट बघत होते. तिथं फुटपाथवर एक मावशी बसायची, मेथी आणि सांबार घेऊन. सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर, बाहेरगावच्यांचा इथं फार गोंधळ होतो. गालात सुपारी-तंबाखूचा खर्रा, डोक्यावर पदर. तिनं जुडी पुढं केली आणि मला तिच्या हातावरचं गोंदण दिसलं. मनगटाच्या वर, हाताच्या अगदी कडेला अर्धं फूल. सुरीनं मधोमध कापल्यासारखं अर्धंच. पाच पाकळ्या, प्रत्येकीत तीन ठिपके, भोवती एक नागमोडी रेघ. रंग जुना होऊन हिरवा पडलेला. भाजीचा फोटो काढतेय असं दाखवून मी तिच्या हाताचा फोटो काढला. तेवढ्यात बस आली.

अर्ध्या फुलाचं काय करायचं? काही अवघड नाही. संगणकात आरशाची सोय असते. अर्धं चित्र द्या, उरलेलं अर्धं तो उलटून जोडून देतो. दुपारपर्यंत अख्खं फूल तयार, संध्याकाळी त्याची चादरभर रांग. बाईंनी पडद्यावर पाहिलं आणि चक्क खुर्चीवर बसल्या. मी त्यांना पहिल्यांदा बसलेलं पाहिलं.

‘कोणाचं हाये?’

‘कॉटन मार्केटच्या सांबारवाल्या मावशीचं. तिच्या हातावरचं गोंदण.’

‘विचारलं होतं?’

‘हो,’ मी म्हटलं. इतक्या सहज की माझं मलाच नवल वाटलं.

मार्केटिंगवाल्यांनी त्याच दिवशी पसंत केलं. चौथ्या दिवशी छापील नमुना आला, बाईंनी तुकडा कापला आणि म्हणाल्या, ‘चाल, तुही मावशी दाखव मले.’ बाईंना खोट्याचा भयंकर तिटकारा. माझ्याआधीच्या एका मुलीनं कॅटलॉगमधली नक्षी ‘आमच्या गावच्या देवळातली’ म्हणून खपवली होती, तिला त्यांनी दुसऱ्याच दिवशी घरी पाठवलं होतं. मी म्हटलं आज बरं वाटत नाहीये. दुसऱ्या दिवशी पहाटेच कॉटन मार्केट गाठलं. मावशीला गाठून पढवायचं, की बाई आल्या तर ‘हो, विचारलं होतं’ एवढं म्हण. मावशीची जागा रिकामी! शेजारची वांगीवाली म्हणाली, लग्नाले गेली. कधी येईल? आली का येईन. तीन सकाळी मी तिथं घिरट्या घातल्या. चौथ्या दिवशी बाईंनी माझं ऐकलंच नाही, थेट ऑटोत बसवलं. आणि नेमकी त्या दिवशी मावशी जागेवर हजर.

बाई तिच्यासमोर उकिडव्या बसल्या. ‘मावशी, तुमच्या हातावरचं फूल घेतलं आम्ही चादरीसाठी. ही पोरगी म्हणते तुमाले विचारलं होतं.’

मावशीनं माझ्याकडे निरखून पाहिलं. ‘हे? हे सांबार घेते रोज. विचारते ना. भाव विचारते.’

वांगीवाली खुदकन हसली. बाई हसल्या नाहीत. माझ्याकडे वळल्याही नाहीत. पिशवीतून तुकडा काढून त्यांनी मावशीच्या हातात दिला. मावशीनं ओले हात लुगड्याला पुसले आणि कापड मांडीवर पसरलं. मग तिनं आपला हात त्या फुलावर ठेवला, बरोबर अर्ध्या भागावर. उरलेलं अर्धं हाताच्या बाहेर कापडावर दिसत राहिलं.

‘हे कुठं पाह्यलं तुनं?’ तिनं मला विचारलं.

‘तुमच्याच हातावर, मावशी.’

‘माह्या हातावर अर्धं हाये. हे दुसरं अर्धं माह्या लहान्या बहिनीच्या हातावर हाये.’ तिचा आवाज चढला. ‘दोघी एका जागी बसलो होतो गोंदाले. गोंदनारीननं आमचे दोघींचे हात जोडून धरले अन् मधात फूल काढलं. आमच्या दोघीशिवाय कोनाले माहीत नाई ते. कुठं भेटली तुले? कुठं हाये ती? सांग ना वं!’

तिनं माझं मनगट धरलं होतं. मला आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नाही आणि पुढंही वाटू नये. मी सांगून टाकलं. सगळं. मी कुणाला भेटले नाही, तुम्हाला विचारलं नाही, चोरून फोटो काढला, संगणकानं अर्ध्याचं अख्खं केलं. बोलता बोलता रडायला लागले. फुटपाथवर, भाजी घेणाऱ्या लोकांत.

मावशी माझं ऐकत होती की नव्हती कोण जाणे. ती कापड डोळ्यांजवळ नेऊन बघत होती. शेवटी म्हणाली, ‘हो, तिचं नाई हे. ती रडत होती त हात हालला. तिच्याकडची वरची पाकळी वाकडी झाली. हे सरळ हाये.’ आणि मग बाईंना सांगत बसली. बहिणीचं लग्न झालं, नवरा ठेकेदारासोबत रस्त्याच्या कामावर जबलपूरच्या तिकडं घेऊन गेला. आधी निरोप यायचे, मग बंद झाले. मायबाप गेले तेव्हाही कळवायचं कुठं ते समजलं नाही. वर्षं किती झाली तेही तिला धड सांगता येईना.

‘तुम्ही नाही म्हणत असान त नाही छापत,’ बाई म्हणाल्या. ‘तुमचं हाये.’

मावशीनं विचारलं, ‘ह्या चादरी कुठवर जाते?’

‘कुठंबी जाते. रायपूर, जबलपूर, त्याच्याबी पुढं.’

‘मंग छापा,’ मावशी म्हणाली. ‘पन तिच्याकडची पाकळी वाकडी करा. कुठं न कुठं एखादी चादर तिच्या घरी जाईन. पाहीन त समजन तिले.’

परत येताना ऑटोत बाई रस्त्याकडे बघत होत्या. त्या दिवशी वाटेत एकही फाटक त्यांना दिसलं नाही. एवढंच म्हणाल्या, ‘खोटं काहून बोलली वं?’ मी म्हटलं, भीती वाटली. ‘भीती वाटली त माणूस पळते. खोटं नाही बोलत.’ मला वाटलं, झालं, गेली नोकरी. शेजारणींना सांगायला आईला आता नवीन कारण शोधावं लागणार. पण कारखान्याच्या गेटशी उतरताना त्या म्हणाल्या, ‘पाकळी तू वाकडी कर. आज घरी जायच्या अगुदर.’

वाकडी पाकळी हा काय प्रकार आहे ते छपाईवाल्यांना विचारा! तपासणीच्या टेबलावर पहिलाच गठ्ठा ‘दोष’ म्हणून बाजूला निघाला. मार्केटिंगचे साहेब लालबुंद होऊन आले. प्रत्येक फुलात एक पाकळी वाकडी, ग्राहक चादर तोंडावर फेकतील, सरळ करा. रंग बदला, नाव बदला, सगळं मुकाट मानणाऱ्या बाई त्या दिवशी टेबलावर हात आपटून म्हणाल्या, ‘पाकळी सरळ झाली त मी उद्यापासून येत नाही.’ मॅनेजर मध्ये पडले. तारीख गळ्याशी आली होती. वाकडीच छापली गेली. आणि महिन्याभरानं माझ्या कागदावर बाईंची सही झाली. मला त्याचा आनंद झाला असं म्हणायची सोय नाही.

त्यानंतर बाईंना नवीन खोड लागली. महिन्याच्या शेवटी त्या माल रवाना करणाऱ्या कारकुनाकडे जायच्या, ते डिझाइन कुठल्या कुठल्या गावी गेलं ते कागदावर उतरवून घ्यायच्या आणि कॉटन मार्केटला जाऊन मावशीला वाचून दाखवायच्या. गोंदिया, बालाघाट, सिवनी, जबलपूर. मी एकदोनदा सोबत होते. मावशीला लिहिता वाचता येत नाही, पण एक नाव विसरायची नाही. बाई नावं सांगायच्या तशी ती बोटांची पेरं मोजायची. गिऱ्हाईक आलं तरी थांबवून ठेवायची.

दोन वर्षांनी ते डिझाइन बंद झालं. तक्रारी फार येतात, मार्केटिंगवाले म्हणाले. त्याच वर्षी बाई निवृत्त झाल्या. मला वाटलं, संपलं सगळं. गेल्या उन्हाळ्यात मी सांबार घ्यायला थांबले तर मावशी तोंडभर हसून म्हणाली, ‘चादर जबलपूरच्याबी पुढं, मैहरले पोचली! बाई सांगून गेली कालच.’

मी तशीच नंदनवनला बाईंच्या घरी गेले. दारातूनच सुरू झाले, ‘बाई, वर्ष झालं ते डिझाइन बंद होऊन! एक चादर निघत नाही कारखान्यातून. मला एका खोट्यापायी तुम्ही जन्माची अद्दल घडवली आणि स्वतः काय करताय?’

बाई खिडकीच्या ग्रिलला रंग देत होत्या. ब्रश खाली ठेवला, परत उचलला.

‘चारदा गेली मी खरं सांगाले,’ म्हणाल्या. ‘दर खेपेले ती जुड्या बाजूले सारते, माह्यासाठी पोतं हातरते अन् म्हणते, हं, सांगा. माह्यानं नाही होत.’

‘मग नकाशा बघून सांगता?’

‘रेल्वेच्या टाइमटेबलातून,’ बाई म्हणाल्या आणि रंग द्यायला लागल्या.

मी रागानं निघून आले. पुढं महिनोनमहिने त्यांच्याकडे फिरकले नाही. काम सुचेना, कुठलीही चादर वाळत घातलेली दिसली की आधी पाकळ्या बघायची. चिडचिड कुणावर चाललीय तेच कळेना.

या महिन्यात त्यांचा फोन आला. गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. दीड महिना पलंगावरून हलायचं नाही. बाईंना! फोनवरही त्यांचा हात कशावर तरी टकटक वाजत होता. ‘महिना भरला. मावशीकडं तू जाऊन ये वं.’

‘मी गेले तर खरं सांगेन,’ मी म्हटलं.

‘सांग. तुले जमलं त सांग.’

मी रविवारी गेले. ठरवून गेले. वाटेत वाक्यंसुद्धा पाठ केली होती. मावशीनं मला पाहिलं, जुड्या बाजूला सारल्या, पोतं झटकून पसरलं. ‘बाईचे पाय बरे हायेत का? बस. कुठवर गेली आता?’

माझ्या तोंडून निघालं, ‘सतना.’

‘सतना त दिवाळीत झालं,’ मावशी म्हणाली. तिनं पेरावर अंगठा ठेवला होता आणि तो तिथंच थांबला होता. ‘त्याच्या पुढं सांग.’

मी तिच्या हातावरच्या अर्ध्या फुलाकडे बघत राहिले.

‘मानिकपूर,’ मी म्हणाले.

‘मानिकपूर,’ तिनं दोनदा म्हणून पाहिलं आणि अंगठा पुढच्या पेरावर सरकवला. ‘मोठं हाये का वं? लय घरं हायेत तिथं?’

‘लय हायेत,’ मी म्हणाले.